मी, भीड, पोट, सवय: मध्यवयात स्वतःला पुन्हा ओळखायची बारा आठवड्यांची वही

मराठीत 'चाळिशी' म्हणजे वयही आणि त्या वयात नाकावर येणारा चष्माही. लांबची पाटी स्वच्छ वाचता येते, हातातला कागद मात्र पुसट होतो. या वयातली दुसरी तक्रारही काहीशी अशीच असते. मुलाला काय खुपतंय, साहेबांचा पारा कशाने चढतो, आईला कोणती गोळी सोसत नाही, सगळं तोंडपाठ. "आणि तुला काय हवंय?" असं कुणी विचारलं तर मात्र "काहीही चालेल" एवढंच तोंडातून निघतं आणि खरोखरच त्यापुढे काही सुचत नाही.

अशा वेळी 'शांत बसा, आत डोकावून बघा' हा सल्ला हमखास मिळतो. सुरुवातीला तो फारसा कामाचा नाही. वीस-पंचवीस वर्षं जी वाक्यं घोकली, तीच डोळे मिटल्यावर ऐकू येतात. माणूस स्वतःविषयी काय सांगतो यापेक्षा त्याचा एखादा साधा मंगळवार कसा जातो, यावरून त्याच्याविषयी जास्त कळतं. म्हणून इथली सुरुवात नोंदीपासून आहे. दोन आठवडे फक्त टिपायचं, दोन आठवडे टिपलेलं वाचायचं, सहा आठवडे छोटे प्रयोग करायचे आणि उरलेल्या दोन आठवड्यांत काय ठेवायचं ते ठरवायचं.

सामान थोडंच लागतं: शंभर पानी वही, पेन आणि रोजची पंधरा मिनिटं. पाचव्या आठवड्यापासून त्यात आठवड्याला दीड तासाची भर पडते. नोंदी मोबाइलमध्ये नकोत. लिहायला म्हणून हातात घेतलेला फोन अर्ध्या तासाने दुसऱ्याच कुणाचे फोटो बघून खाली ठेवला जातो. वही कुणाच्या हाती पडणार नाही अशी जागा आधी शोधा. तशी जागाच नसेल तर नावांऐवजी खुणा वापरा. कुणीतरी वाचेल या धास्तीने लिहिलेल्या वहीत माणूस शहाण्यासारखा वागलेला दिसतो आणि मग तिचा काही उपयोग राहत नाही.

एक पथ्य मात्र कडक आहे. या बारा आठवड्यांत राजीनामा, घटस्फोट, घराची विक्री, मोठं कर्ज यांपैकी काहीही करायचं नाही. घरात मारहाण किंवा छळ होत असेल तर हे पथ्य लागू नाही. तिथे आधी सुरक्षित जागी जायचं, वही नंतर.

आधी शरीराची तपासणी

'मी मी राहिलेलो नाही' ही तक्रार कधीकधी सरळ रक्तातली असते. थायरॉइड मंदावला, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी झालं, तर कशातच गोडी वाटत नाही, विचार जड होतात, चिडचिड वाढते. बायकांची पाळी सर्वसाधारणपणे ४५ ते ५५ या वयात थांबते. त्याआधीची काही वर्षं झोप उडणं, घाम फुटणं, छातीत धडधडणं, उगाच रडू येणं हे सगळं होऊ शकतं. मोठ्याने घोरणाऱ्या आणि आठ तास झोपूनही पेंगुळलेल्या माणसाने झोपेत श्वास अडकतो का हे तपासून घ्यावं. वहीच्या पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांकडे एक फेरी मारा.

नैराश्याची चाचपणीही तेव्हाच करून घ्या. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी मागच्या दोन आठवड्यांविषयी विचारते. एकूण गुण ० ते २७ असतात. १० किंवा जास्त आले तर स्वतःच्या शोधाआधी उपचारांविषयी बोलायला हवं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्य सोडून काहीही उत्तर आलं, तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी डॉक्टरांशी किंवा जवळच्या माणसाशी बोला.

पहिले दोन आठवडे: फक्त टिपायचं

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक पद्धत मांडली: कालचा दिवस चित्रपटातल्या प्रसंगांसारखा तुकड्यांत पाडायचा आणि प्रत्येक तुकड्यात कसं वाटलं ते नोंदवायचं. इथली वही हे तिचंच घरगुती रूप आहे.

रोज सकाळी आदल्या दिवसाचे दहा ते पंधरा तुकडे पाडा. प्रत्येकासमोर पाच गोष्टी लिहा: काय केलं, किती मिनिटं, करताना कसं वाटलं (उणे ३ ते अधिक ३), तासाभराने कसं वाटत होतं (तेच माप), आणि शेवटी एक शब्द, हे कुणाच्या सांगण्यावरून केलं. शब्द चारच आहेत: मी, भीड, पोट, सवय. 'पोट' म्हणजे पैशासाठी, 'भीड' म्हणजे नाही म्हणवलं नाही म्हणून. भरलेलं पान साधारण असं दिसतं:

दादाचा फोन, ४० मिनिटं, करताना −२, नंतर −२, भीड.
मुलीला गणित समजावलं, ३५ मिनिटं, −१, नंतर +२, मी.
मीटिंग, ९० मिनिटं, −१, ०, पोट.
मोबाइल, ५५ मिनिटं, +१, नंतर −२, सवय.
गच्चीवर उगाच उभा, १० मिनिटं, +३, +२, मी.

'कर्तव्य' हा शब्द यादीत मुद्दाम ठेवलेला नाही. तो एकदा लिहिला की त्याच्यामागे 'मी' आहे की 'भीड' हे झाकलं जातं, आणि आपल्याला तर तेच शोधायचंय. सासऱ्यांना दवाखान्यात नेलं तर त्याच्यापुढेही या चारांपैकीच एक शब्द लिहायचा. सुरुवातीला हात अडतो. अडू द्या.

नोंदी कुठे फसतात तेही बघा. पहिली चूक रात्री लिहिण्याची: दमलेला माणूस अख्ख्या दिवसाला उणे गुण देऊन मोकळा होतो. दुसरी, निकाल लिहिण्याची. 'वेळ वाया घालवला' ही नोंद नाही, तो स्वतःला लावलेला बोल आहे. '५५ मिनिटं मोबाइल' ही नोंद. तिसरी चूक अशी की एक दिवस चुकला की लोक वही बंदच करतात. चुकलेला दिवस कोरा सोडून पुढच्या तारखेला लिहा. चौदापैकी दहा दिवस भरले तरी पुरे. आणि करताना व नंतर हे दोन्ही आकडे हवेतच. एकाच आकड्यावर भिस्त ठेवली तर मोबाइल जिंकतो आणि व्यायाम हरतो.

तिसरा आठवडा: जिथे आकडा आणि शब्द जुळत नाहीत

आधी चार शब्दांचे तास वेगवेगळे मोजा. ही बेरीज बघून बऱ्याच जणांना धक्का बसतो, पण खरी माहिती तिथे नाही. पोटासाठी दिवसाचे आठ-दहा तास जाणारच. वही रंगीत पेनाने पुन्हा वाचा आणि न जुळणाऱ्या ओळींवर खूण करा.

पहिली जात: शब्द 'भीड', पण नंतरचा आकडा +२ किंवा +३. कुणीतरी ओढून नेलं म्हणून गेलात आणि जीव रमला. इथे तुमची एखादी आवड दुसऱ्याच्या आग्रहाखाली दडलेली असू शकते. अशी ओळ सापडली तर ती प्रयोगांच्या यादीत सगळ्यात वर लिहा.

दुसरी जात जास्त बोचते: शब्द 'मी', पण दोन्ही आकडे शून्याखाली. समजा, तुमची ओळखच 'वाचणारा माणूस' अशी आहे. भेट म्हणून लोक पुस्तकंच देतात, घरात दोन कपाटं भरलेली आहेत. आणि वहीत चौदा दिवसांत चार वेळा वाचन, चारही वेळा −१, एकदाही तीस मिनिटांच्या पुढे नाही. इथे चटकन 'मी आळशी झालोय' असा निष्कर्ष काढू नका. शक्यता तीन आहेत. डोळे किंवा झोप साथ देत नाही. किंवा चुकीची पुस्तकं हातात आहेत, म्हणजे वाचायला हवीत अशी. किंवा वाचणारा माणूस ही पंचविशीतली ओळख होती, आता ती जुन्या कोटासारखी फक्त अंगावर आहे. पहिल्या दोन शक्यता आठवड्याभरात तपासता येतात: दिवा आणि वेळ बदला, मग पुस्तक बदला. तरी आकडा हलला नाही, तर तिसरी शक्यता खरी धरा आणि वर्षभरासाठी तो कोट खुंटीला टांगा. फेकायची गरज नाही.

तिसरी जात म्हणजे करताना उणे, नंतर अधिक, शब्द 'मी'. आजारी माणसाची सेवा, अवघड बोलणं, रियाज, धावणं. 'खरा मी' म्हणजे जे सुखाचं वाटतं ते, या समजुतीला या ओळी छेद देतात. नकोसं वाटूनही तुमचं असलेलं बरंच काही या ओळींत सापडतं.

चौथा आठवडा: उसनी वाक्यं वेगळी काढणं

'मला ... करायलाच हवं' किंवा 'मी ... अशी मुळीच नाही' अशी वीस वाक्यं एका बैठकीत लिहा. बारापर्यंत सुचतात, पुढची आठ ओढून काढावी लागतात आणि बहुधा कामाची तीच असतात. प्रत्येकासमोर लिहा, हे वाक्य पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकलं? आईच्या, शिक्षकांच्या, पहिल्या साहेबांच्या, की खरंच स्वतःच्या?

ऐकीव आहे म्हणून वाक्य खोटं ठरत नाही. आईने शिकवलेला नीटनेटकेपणा पंचेचाळीस वर्षांनी तुमचाच झालेला असतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या प्रेरणेवरच्या सिद्धान्तात हा फरक नीट मांडलाय: काही गोष्टी आपण फक्त गिळलेल्या असतात आणि न केल्यास मन टोचतं, काही पचून आपल्या अंगी लागलेल्या असतात. ओळखायची कसोटी मराठीत सोपी आहे. ती गोष्ट महिनाभर केली नाही अशी कल्पना करा. अपराधी वाटेल, की चुकल्याचुकल्यासारखं वाटेल? अपराधी वाटत असेल तर वाक्य बहुधा उसनं. चुकल्याचुकल्यासारखं वाटत असेल तर ते तुमचं, कुणीही शिकवलेलं असो. दोन्ही वाटलं तर आणखी एक प्रश्न: हे केल्याचं कुणालाही, कधीही कळणार नसेल, तरी कराल?

उसन्या वाक्यांवर राग काढत बसू नका. ब्रिटिश मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९६० मध्ये खरा आणि खोटा स्व अशी मांडणी केली, तेव्हाही खोट्या स्वाचं काम त्यांनी खऱ्याचं रक्षण करणं हेच सांगितलं होतं. चारचौघांत सभ्यपणे वागणारा मुखवटा निरोगी माणसालाही लागतो. अडचण होते ती तो घरी येऊन, दार लावूनही उतरत नाही तेव्हा.

याच आठवड्यात दहा ते सोळा वर्षांच्या वयात कशात तासन्‌तास जात होते ते आठवून लिहा, पण क्रियापदांत. 'चित्रकला' असं लिहून भागत नाही. रंग कालवणं आवडायचं, एकटं बसणं, की चित्र दाखवल्यावर मिळणारी शाबासकी? एकटं बसणं आवडत असेल तर आज ब्रश विकत आणून उपयोग नाही; दार लागणारी खोली हवीय.

एखादी राहून गेलेली गोष्ट वारंवार वर येत असेल तर तिच्यावर सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, न थांबता, शुद्धलेखन न बघता लिहा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगापासून ही रीत चालत आली आहे. लिहून झाल्यावर त्या दिवशी मन खट्टू होतं, ते अपेक्षितच आहे. दुःख अगदी ताजं असेल किंवा लिहिताना श्वास कोंडायला लागला तर थांबा आणि समुपदेशकासोबतच पुढे जा.

पाच ते दहा आठवडे: छोटे प्रयोग

यादीतून तीनच गोष्टी निवडा. प्रत्येकीला दोन आठवडे, एकूण चार बैठका, प्रत्येकी पंचेचाळीस मिनिटं. म्हणजे आठवड्याला दीड तास होतो. अटी तीन: प्रयोग कधीही मोडता यायला हवा, पैसे जवळजवळ लागता कामा नयेत, आणि आधी गाजावाजा नको. लोकांना सांगून टाकलं की शाबासकी आगाऊ मिळते, आणि नंतर गोष्ट आवडली नाही तरी सोडायची लाज वाटते.

वेळ ठरवताना 'जमेल तसं' असं लिहू नका. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली युक्ती वापरा: 'अमुक झालं की मी तमुक करेन' असं एक वाक्य. 'बुधवारी रात्रीची भांडी आवरली की मी मागच्या खोलीत जाऊन पेटी उघडेन.' निमित्त ठरलेलं असलं की दर वेळी मनाला विचारत बसावं लागत नाही.

पहिल्या बैठकीवरून काहीही ठरवू नका. पंचवीस वर्षांनी गळा उघडला तर आवाज फाटणारच, आणि कान मात्र विशीतलाच सूर मागतो. तुलनेचा हा सापळा इतका पक्का आहे की सगळ्यात जास्त प्रयोग तिथेच मरतात. आनंद झाला का, याऐवजी तीन साध्या गोष्टी टिपा. दोन बैठकांच्या मधे ती गोष्ट आपणहून डोक्यात आली का? घड्याळ किती वेळा बघितलं? चौथ्या बैठकीसाठी दुसरं काही बाजूला सारलंत, की सबब सापडल्यावर हायसं वाटलं? तिन्हींची उत्तरं 'नाही, खूप वेळा, हायसं' अशी आली तर ती गोष्ट खोडा. खोडलेली गोष्टही कमाईच आहे. एका राहून गेलेल्या हौशीचं ओझं उतरलं.

सामान विकत घेणं आणि वर्षभराच्या क्लासची फी भरणं हे दोन मोह आवरा. दुकानात असताना माणूस गिर्यारोहकच असतो. मागून आणा, भाड्याने घ्या, चौथ्या बैठकीनंतर बघू.

घरच्यांशी कसं बोलायचं

जगण्यातले दीड तास हलले की घरातल्या दुसऱ्या कुणाच्यातरी वाट्याला काम येतं. ते आधी आणि नेमकं सांगा. 'मला माझ्यासाठी वेळ हवाय' हे वाक्य आरोपासारखं ऐकू जातं. त्याऐवजी:

"पुढचे दोन आठवडे बुधवारी आणि रविवारी सात ते आठ मी घरी नसेन. दार, फोन आणि बाबांची गोळी तू बघ."
"कुठे चाललीस?"
"एक गोष्ट करून बघतेय. जमली तर सांगेन."

दिवस, वेळ, मुदत आणि कुणी काय बघायचं. मुदत महत्त्वाची, तिच्यामुळे समोरच्याला धीर राहतो.

भीड भिकेची बहीण म्हणतात, पण ती एका रात्रीत सोडायला जाऊ नये. आठवड्याला एक नकार, तोही सोप्याकडून अवघडाकडे: आधी विक्रेता, मग लांबचा ओळखीचा, मग सहकारी, मग भाऊ-बहीण. जिभेवर 'हो' आलंच तर "उद्या सांगते" म्हणून चोवीस तास मिळवा. सबब सांगू नका. सबब दिली की समोरचा ती सोडवून देतो आणि मग हो म्हणावंच लागतं.

उलट टोकही दिसतं. 'आता मी खरं तेच बोलणार' म्हणत वीस वर्षांचा साचलेला राग एका जेवणात ओतला जातो. नोंदवहीतली −२ ही माहिती तुमच्यासाठी आहे, दादाला वाचून दाखवण्यासाठी नाही. त्याचा फोन चाळीसऐवजी पंधरा मिनिटांत आटोपता आला तरी काम झालं.

शेवटचे दोन आठवडे

'मिडलाइफ क्रायसिस', म्हणजे मध्यवयातलं संकट, हा शब्दप्रयोग मनोविश्लेषक एलियट जॅक्स यांच्या १९६५ च्या निबंधातून आला. तेव्हापासून या वयात काहीतरी उलथापालथ व्हायलाच हवी असं अनेकांना वाटतं. तसा नियम नाही. अमेरिकेत या विषयावर झालेल्या पाहणीत साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांनीच आपल्याला असं काही झाल्याचं सांगितलं, आणि त्यातही बऱ्याच जणांनी बोट दाखवलं ते नोकरी जाणं, आजारपण, घटस्फोट अशा घटनांकडे.

म्हणून तीन प्रयोगांतला फक्त एक ठेवा, आणि त्यासाठी जुन्या वेळापत्रकातली एक 'भीड' किंवा एक 'सवय' काढा. न काढता नुसतं वाढवलं तर महिन्याभरात नवीन गोष्टच गळते. ती अंगवळणी पडायला तीन आठवडे पुरतात ही समजूत सोडा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी केलेल्या अभ्यासात मधली संख्या ६६ दिवसांची निघाली, आणि माणसागणिक ती १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होती.

नोकरी बदलायचीच असं वहीतून पुन्हापुन्हा येत असेल तर आधी बघा, −२ कुठल्या तुकड्यांना आहे: कामाला, एका माणसाला, की प्रवासाला? तिन्हींचे उपाय वेगळे. कामालाच असेल तर नवीन काम नोकरी न सोडता तीन महिने, अगदी बारीक प्रमाणात करून बघा, आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

बाराव्या आठवड्यात सात दिवसांची नोंद पुन्हा ठेवा, आणि पुढे दर सहा महिन्यांनी. तेव्हा जुनी पानं आधी उघडू नका. नवे सात दिवस पूर्ण लिहून झाल्यावरच जुने आकडे शेजारी ठेवा. उलट केलं तर हात नकळत जुन्याच आकड्यांकडे झुकतो.